भरावाखालचा रस्ता

रॉचेस्टरमधल्या युनियन स्ट्रीटवर उभं राहिलं तर पायाखाली काय पुरलंय याची कुठलीच खूण दिसत नाही. दोन पदरी रस्ता, कडेला लावलेल्या गाड्या, अजून अंगात न भरलेली झाडं, सायकलींसाठी वेगळा काढलेला उंच पट्टा आणि त्यामागे तीन-चार मजल्यांच्या नव्या इमारती. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या कुठल्याही मध्यम शहरात खपून जाईल असा हा साधा रस्ता. पण २०१४ सालापर्यंत इथे जमीनच नव्हती. वरून पूल जातील इतका खोल, काँक्रीटच्या भिंतींचा खंदक होता आणि त्याच्या तळाशी द्रुतगती मार्ग. खंदकाच्या दोन्ही काठांनी आणखी दोन रस्ते त्याला समांतर धावायचे. सगळं मिळून काही ठिकाणी बारा पदर भरत. या काठावरून पलीकडची घरं समोर दिसायची, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. पायी जायचं म्हटलं की मात्र आधी पूल गाठावा लागायचा.

शहराने तो खंदक माती टाकून बुजवला, त्यावर रस्ता केला आणि उरलेल्या जमिनीवर घरं उभी केली. एखादं शहर स्वतःच बांधलेला महामार्ग स्वतःच गाडून टाकतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती जिथे अवघड होते, तिथे ती अजून संपलेली नाही, म्हणूनच आज सांगावीशी वाटते.

रॉचेस्टर हे न्यूयॉर्क राज्यातलं शहर, पण न्यूयॉर्क शहरापासून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर, ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिणेला. जेनेसी नदी शहराच्या मधोमध वाहते आणि ऐन वस्तीत शंभरेक फूट खाली कोसळते. त्या पाण्यावर पिठाच्या गिरण्या चालल्या. १८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला, तो नदीवरच्या दगडी जलसेतूवरून शहराच्या पोटातून गेला आणि रॉचेस्टर धान्याची मोठी पेठ झाली. फ्रेडरिक डग्लस यांनी गुलामगिरीविरुद्धचं आपलं वृत्तपत्र १८४७ मध्ये इथूनच सुरू केलं. सुसान अँथनी यांना मतदान केल्याबद्दल १८७२ मध्ये इथेच अटक झाली. पुढे जॉर्ज ईस्टमन यांची कोडॅक कंपनी आली. पिवळ्या खोक्यातला फिल्मचा रोल आपल्या घराघरांतल्या लग्नाच्या अल्बमपर्यंत पोचला, त्या रोलचं हे माहेर. झेरॉक्स हा आपण फोटोकॉपीलाच दिलेला शब्दही याच गावात जन्मलेल्या कंपनीचा. कोडॅक आणि झेरॉक्सच्या कारखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी भारतातून गेलेल्या कित्येक अभियंत्यांना इथे नोकऱ्या दिल्या. त्यांत मराठी माणसंही होती.

या शहराला खंदकांचा इतिहास जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्याची वाट शहराबाहेरून वळवली गेली आणि मध्यावर कोरडा पडलेला पाट उरला. शहराने त्यात रेल्वे टाकली. १९२७ मध्ये ती सुरू झाली. गावाच्या गाभ्यात ती भुयारातून जायची, बाहेर उघड्या पाटातून. १९५६ मध्ये तिची प्रवासी सेवा बंद झाली आणि पाटाचा पूर्वेकडचा मोठा भाग नव्या महामार्गाखाली गेला. त्याच पट्ट्यात आधी नाव, मग रेल्वे आणि शेवटी मोटार. जुन्या जलसेतूवर मोटारींचा रस्ता चढवला होता, त्याच्या खालच्या मजल्यावर आजही रेल्वेची ती रिकामी वाट आहे.

मोटारीच्या याच काळात, १९५२ मध्ये, इनर लूपचं काम सुरू झालं. शहराच्या मध्यभागाला वेढा घालणारा हा द्रुतगती मार्ग, युनियन स्ट्रीटखालचा खंदक याचाच एक भाग. लांबी सव्वाचार किलोमीटरच्या आसपास. पूर्ण व्हायला १९६५ उजाडलं. त्यामागचा विचार तेव्हाच्या अमेरिकेत सगळीकडे चालू होता. लोक उपनगरात राहायला निघाले होते आणि बाजारपेठेतली दुकानं ओस पडायची भीती होती. उपनगरातला गिऱ्हाईक गाडी घेऊन न अडकता मध्यवस्तीत आला तर पेठ वाचेल, असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं. ही माणसं शहराचा द्वेष करणारी नव्हती, हे नोंदवायला हवं. व्हिएन्नाहून आलेले वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांनी याच वेढ्याच्या आत मिडटाउन प्लाझा उभा केला. १९६२ मध्ये तो उघडला, तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या शहराच्या मध्यभागात छताखाली वसवलेला तो पहिला मॉल होता. नाताळात आतल्या छोट्या मोनोरेलमधून मुलं फिरायची. त्या पिढीतली रॉचेस्टरची माणसं अजून त्या मोनोरेलची आठवण काढतात.

रस्ता झाला, पण माणसं उलट्या दिशेने गेली. ज्या वाटेने गिऱ्हाईक आत यायचं होतं, त्याच वाटेने रहिवासी बाहेर जाऊन राहू लागले आणि कामापुरते गाडीने येऊ लागले. त्यांच्या गाड्या ठेवायला जागा हवी म्हणून इमारती पाडून वाहनतळ केले. वाहनतळांमुळे चालणं कंटाळवाणं झालं, चालणारे कमी झाले, दुकानं बंद पडली, बंद दुकानांच्या जागी आणखी वाहनतळ आले. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या ३,३२,४८८ होती. २०२० मध्ये ती २,११,३२८ वर आली. या घसरणीचा सगळा दोष रस्त्यावर टाकणं चूक ठरेल. १९८२ मध्ये एकट्या कोडॅकमध्ये रॉचेस्टर परिसरात साठ हजारांवर लोक कामाला होते आणि २०१२ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढा मोठा पोशिंदा खचला की कुठलंही गाव हलतं. पण लोकसंख्येची घसरण कोडॅक ऐन भरात असतानाच, पन्नास-साठच्या दशकांतच सुरू झाली होती, हे आकड्यांत स्पष्ट दिसतं. मिडटाउन प्लाझा २००८ मध्ये बंद झाला आणि नंतर पाडला गेला.

हा वेढा कुठून न्यायचा, हे कुणीतरी नकाशावर बोट ठेवून ठरवलं होतं. नकाशावरची सगळी घरं सारखी नसतात. पन्नासच्या दशकात दक्षिणेकडून काम शोधत आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांमुळे रॉचेस्टरमधली त्यांची संख्या दहा वर्षांत तिप्पट झाली. घर भाड्याने मिळे ते मुख्यतः दोनच भागांत, नदीच्या पश्चिमेला तिसऱ्या वॉर्डात आणि ईशान्येला जोसेफ अव्हेन्यूच्या आसपास सातव्या वॉर्डात. बाकी ठिकाणी घरमालक दार उघडत नसत, बँका कर्ज देत नसत. मोठ्या कारखान्यांत त्यांना घेतलं जाई ते अगदी मोजकं. १९६४ च्या जुलैमध्ये याच दोन वॉर्डांत तीन दिवस उद्रेक झाला, तो शमवायला नॅशनल गार्डचे सैनिक बोलावावे लागले. इनर लूप पुरा व्हायला तेव्हा एक वर्ष उरलं होतं.

तिसऱ्या वॉर्डातली क्लॅरिसा स्ट्रीट ही त्या काळातली कृष्णवर्णीयांची मोठी पेठ. पिथॉड नावाचा जॅझचा क्लब तिथे होता, देशभरातले नावाजलेले वादक तिथे येऊन वाजवून जायचे. महामार्ग आणि ‘नागरी नूतनीकरण’ या दोन्हींच्या कचाट्यात ती पेठ सापडली आणि तिचा बराचसा भाग नाहीसा झाला. अलीकडे शहरातल्या तरुण मुलांनी तिथल्या जुन्या रहिवाशांना गाठून त्यांच्या आठवणी नोंदवल्या, त्यांतून माहितीपट आणि प्रदर्शन उभं राहिलं. हे काम मला पुलाच्या किंवा भरावाच्या कामाइतकंच पायाभूत वाटतं. इथे काय होतं हेच कुणाला ठाऊक नसेल तर परत काय आणायचं, ते कोण सांगणार?

आता भरावाकडे वळू. पूर्वेकडचा खंदक बुजवावा ही कल्पना १९९० च्या सुमारासच शहराच्या आराखड्यात आली होती. ती वीस-बावीस वर्षं कागदावर राहिली. तिला बळ मिळालं ते कंटाळवाण्या वाटणाऱ्या दोन गोष्टींमुळे. एक, पन्नास वर्षांच्या भिंती आणि पूल दुरुस्तीला आले होते, म्हणजे खंदक ठेवायचा तरी पैसा घालावाच लागणार होता. दुसरी, या पट्ट्यावरून दिवसाला सात हजारांच्या आसपास गाड्याच जात. सात हजार हा आकडा साध्या दोन पदरी रस्त्याला सहज पेलणारा. म्हणजे बारा पदरांची जागा अडवून ठेवलेली, आणि वापर दोन पदरांचा. एवढा विसंगत हिशेब दिसल्यावर निर्णय सोपा वाटतो, पण तो घ्यायला पिढी जावी लागली, कारण महामार्ग कमी करणं म्हणजे माघार, अशी भावना होती. २०१३ मध्ये केंद्राकडून १ कोटी ७७ लाख डॉलरचं अनुदान मंजूर झालं, २०१४ च्या अखेरीस काम सुरू झालं आणि २०१७ मध्ये साधारण एक किलोमीटरचा पट्टा सपाट होऊन खुला झाला. मनरो अव्हेन्यूपासून शार्लट स्ट्रीटपर्यंत. एकूण खर्च सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास. महामार्गाच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ आहे.

अशा कामाला अमेरिकेत आधीचे दाखले होते. पोर्टलंडने नदीकाठचा महामार्ग १९७४ मध्ये काढून तिथे बाग केली. सॅन फ्रान्सिस्कोचा किनाऱ्यावरचा दुमजली मार्ग १९८९ च्या भूकंपाने खिळखिळा केला आणि तो पाडून टाकला गेला. मिलवॉकीने २००२-०३ मध्ये एक उन्नत मार्ग उतरवला. प्रत्येक वेळी वाहतूक कोलमडेल असं भाकीत झालं आणि प्रत्येक वेळी ते खोटं ठरलं. गाड्या पाण्यासारख्या ठरीव घनफळाच्या नसतात. वाट रुंद केली की नव्या फेऱ्या जन्माला येतात, वाट अरुंद केली की काही फेऱ्या दुसऱ्या रस्त्यांवर पसरतात, काही पायी होतात, काही होतच नाहीत.

युनियन स्ट्रीटची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साडेतीन फूट चालतो असं धरतात. जुन्या पद्धतीचा एक पदर बारा फुटांचा. बारा पदरांची रुंदी पायी तोडायला एक्केचाळीस सेकंद लागतात, दोन पदरांना सात. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी, हातात मूल असलेल्या बाईसाठी या दोन आकड्यांत सगळं येतं. चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर रुंद, सरळ, मोकळा रस्ता त्याच्या पायाला वेग वाढवायला सांगतो, मग फलकावर काहीही लिहिलेलं असो. कडेला उभ्या गाड्या, झाडांची ओळ, जवळ आलेल्या इमारती आणि अरुंद पदर असले की तोच पाय आपोआप हलका होतो. वेगाचं महत्त्व किती, ते अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनच्या २०११ च्या अभ्यासाने मोजून दाखवलं. ताशी ३७ किलोमीटर वेगाच्या गाडीची धडक बसली तर पादचारी दगावण्याची शक्यता दहा टक्के, ५१ ला पंचवीस टक्के, ६८ ला पन्नास. त्या देशात २००९ मध्ये ४,१०९ पादचारी वाहनांखाली गेले होते. २०२२ मध्ये तो आकडा साडेसात हजारांवर पोचला. म्हणून मला रस्त्याची रुंदी हा सौंदर्याचा विषय वाटत नाही.

सायकलींचा पट्टा रस्त्याच्या पातळीवर नुसती पांढरी रेघ मारून दिलेला नाही. तो उंच केला आहे, दोन्ही दिशांनी जाता येतं आणि गाड्या व सायकली यांच्यामध्ये जागा सोडली आहे. रेघ ही विनंती असते, तिला कुणीही ओलांडतं. फुटपाथची कड ओलांडायला गाडीला धक्का खावा लागतो. हिवाळ्यात इथे उभं राहून पाहिलं तर शहराची दुसरी एक सवय दिसते. रॉचेस्टरमध्ये सरासरी वर्षाला शंभर इंचांच्या घरात बर्फ पडतं. बहुतेक अमेरिकी शहरं गाड्यांच्या रस्त्यावरचं बर्फ स्वतः काढतात आणि फुटपाथचं काम समोरच्या घरमालकावर सोडून देतात. इथे बर्फ जास्त साचलं की महापालिकेची छोटी नांगरगाडी फुटपाथवरूनही फिरते. या शहरात चारांतल्या एका घराकडे, साधारणपणे, गाडीच नाही. त्या घरातल्या माणसाचा रस्ता म्हणजे फुटपाथ, आणि तो चार महिने बर्फाखाली राहणं म्हणजे त्याचा रस्ताच बंद होणं. ही नांगरगाडी मला युनियन स्ट्रीटवरच्या कुठल्याही इमारतीपेक्षा जास्त आवडते.

भरावामुळे सहा एकरांच्या आसपास जमीन मोकळी झाली. त्यावर पाचशेहून अधिक घरं झाली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक बाजारभावापेक्षा कमी भाड्याची आहेत. शहराच्या सांगण्यानुसार या छोट्या खर्चाच्या पाठोपाठ त्याच्या कित्येक पट खासगी गुंतवणूक आली. शेजारीच स्ट्राँग संग्रहालय आहे, खेळण्यांचं आणि खेळाचं. मुलांना घेऊन लोक लांबून येतात. त्याने या नव्या जमिनीवर विस्तार केला, २०२३ च्या जूनअखेर नव्वद हजार चौरस फुटांची नवी इमारत उघडली आणि सोबत हॉटेल व गाड्यांसाठी बहुमजली तळही झाला. या शेवटच्या गोष्टीने मन खट्टू होतं. महामार्ग बुजवून मिळवलेली जागा, आणि तिच्यात परत मजल्यांवर मजले चढवून गाड्या. संग्रहालयाकडे येणाऱ्यांची अडचण खरी आहे, ते मान्य. पण एकदा जमीन उभ्या गाड्यांना दिली की ती तीस-चाळीस वर्षं परत मिळत नाही. आजवर रॉचेस्टरने हे किती वेळा अनुभवलं असेल!

पूर्वेकडचं हे काम यशस्वी झालं याबद्दल दुमत कमी. पण ते तुलनेने सोपं होतं, हेही सांगायला हवं. बुजवलेल्या पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला ईस्ट अव्हेन्यूच्या आसपासची बऱ्यापैकी सधन, मागणी असलेली वस्ती आहे. दोन्ही काठ एकमेकांना भेटायला उत्सुक होते, मध्ये फक्त खड्डा होता. बिल्डरांना जमीन घ्यायला विनवण्या कराव्या लागल्या नाहीत.

उत्तरेचं तसं नाही. बुजवलेला भाग सोडला तर इनर लूप उत्तरेकडे अजून चालू आहे. युनियन स्ट्रीट पुढे उत्तरेला जाते आणि शहराच्या सार्वजनिक बाजारापाशी पोचते. १९०५ पासून हा बाजार त्याच जागी भरतो, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. आसपासच्या शेतांतली सफरचंदं, कोबी, मक्याची कणसं छपराखालच्या ओट्यांवर येतात आणि शनिवारी सकाळी तिथे शहरातल्या सगळ्या रंगांची, सगळ्या खिशांची माणसं खांद्याला खांदा लावून भाव करताना दिसतात. बाजाराभोवतीची वस्ती मात्र गरीब आहे. मार्केटव्ह्यू हाइट्स हे तिचं नाव. तिच्या आणि मध्यवस्तीच्या मध्ये लूपचा उत्तरेकडचा पट्टा आडवा पसरला आहे. जोसेफ अव्हेन्यूकडून येणाऱ्यांनाही तोच ओलांडावा लागतो. ज्या वॉर्डांत माणसं कोंडली गेली होती, त्यांच्याच दाराशी हा खंदक काढला गेला, आणि तिथला तो अजून तसाच आहे.

तोही बुजवायचं ठरलं आहे. २०२२ मध्ये राज्याने त्यासाठी दहा कोटी डॉलर देऊ केले. सुमारे अडीच किलोमीटरचा हा पट्टा मोकळा झाला की वीसेक एकर जमीन निघेल. आराखडे कित्येक झाले, लोकांपुढे मांडले गेले, त्यांतला जुन्या गल्ल्यांची वीण परत आणणारा एक पसंत झाला. सिराक्यूझ या शेजारच्या शहरातही कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीवरून नेलेला उन्नत महामार्ग उतरवण्याचं काम २०२३ मध्ये सुरू झालं. २०२१ च्या केंद्रीय पायाभूत सुविधा कायद्यात तर अशा तोडलेल्या वस्त्या जोडण्यासाठी शंभर कोटी डॉलर वेगळे काढले होते. म्हणजे चूक झाली हे आता सरकारदरबारी लिहून ठेवलं गेलं आहे.

पण मार्केटव्ह्यू हाइट्समध्ये लोक जो प्रश्न विचारतात तो खंदकाचा नाही. खंदक बुजल्यावर आमचं भाडं किती होईल, हा त्यांचा प्रश्न आहे. महामार्गाच्या काठचं घर स्वस्त असतं, कारण कुणाला ते नको असतं. झाडं लावलेल्या शांत रस्त्यावरचं तेच घर सगळ्यांना हवंसं होतं. साठ वर्षं धूर आणि आवाज सोसून जो भाडेकरू तिथे टिकला, त्याला पहिलं झाड सावली देण्याआधीच निघावं लागलं तर एकाच वस्तीला दोनदा उठवल्यासारखं होईल, एकदा रस्ता बांधून आणि एकदा रस्ता काढून. मला ही भीती अवास्तव वाटत नाही. यावर उपाय आहेत, आणि ते अभियंत्यांच्या हातातले नाहीत. मोकळी होणारी जमीन आज सरकारची आहे. ती सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला विकायची, की सामुदायिक भू-न्यासाकडे द्यायची, जिथे जमीन न्यासाची राहते, घर कुटुंबाचं होतं आणि पुढच्या विक्रीचा भाव बांधलेला असतो, हे शहरालाच ठरवता येतं. असा न्यास रॉचेस्टरमध्ये आहेही. एका घराचे छोटे भूखंड पाडायचे की पूर्ण चौकच एका कंपनीला द्यायचा, हेही शहराच्याच हातात आहे. छोटा भूखंड तिथल्या गवंड्याला, तिथल्या न्हाव्याला, दोन भावांना मिळून घेता येतो. पूर्ण चौक घ्यायला फक्त मोठी कंपनीच येऊ शकते.

रॉचेस्टरच्या अभियंत्यांनी पूर्वेला दाखवून दिलं की खंदक बुजवणं जमतं आणि वाहतूक कोसळत नाही. ते आता कुणी विचारतही नाही. उत्तरेच्या आराखड्यात जुन्या गल्ल्यांच्या रेषा पुन्हा काढल्या आहेत, १९५० च्या आधीच्या नकाशात होत्या जवळजवळ तशाच. त्या रेषांच्या दोन्ही बाजूंना हलक्या रंगात रंगवलेले मोकळे चौकोन आहेत. प्रत्येक चौकोनावर क्षेत्रफळ घातलं आहे. मालकाची जागा अजून कोरी आहे.